बंब कोणासाठी ठेवलाय?

“मॅडम, आईला काही म्हणजे काही टाकवत नाही,” आणि “मुलांना कशाचीच किंमत नाही हो.” मी समुपदेशक आहे, आणि ही दोन वाक्यं माझ्याकडे बहुतेक वेळा एकाच घरातून येतात. मुंबईत इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की काही महिन्यांत घर रिकामं करायचं, मधली वर्षं भाड्याच्या नाहीतर ट्रान्झिटच्या खोलीत काढायची, आणि तेवढ्यात माळ्यावरच्या तीन पिढ्यांचा निकाल लावायचा. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात. म्हणजे जागा तिपटीहून जास्त. तरी ‘हे कशाला आणलंस?’ हे भांडण मोठ्या घरातही होतंच, कारण ते जागेचं नसतं.

लालबागच्या एक काकू आणि त्यांचा मुलगा माझ्याकडे आले, ते एकमेकांशी बोलणं बंद करून. (दोन-तीन घरांचे तपशील मी इथे मिसळले आहेत.) काका जाऊन दोन वर्षं झाली होती. ठाण्याला वन बीएचके भाड्याने ठरलं होतं. काकू डोंबिवलीला बहिणीकडे गेल्याचं साधून मुलाने भंगारवाला बोलावला आणि माळा रिकामा केला. परत आल्यावर काकूंना कळलं, तशा त्या चपला न काढता खाली उतरल्या आणि आपलाच पितळी डबा आणि दोन पातेली पैसे मोजून परत घेऊन आल्या! पाणी तापवायचा तांब्याचा बंब तेवढा वाचला होता. त्याला दुसऱ्या दिवशी हातगाडी येणार होती.

“मी मदतच करत होतो,” मुलगा म्हणाला.

“मदत असेल. परवानगी नव्हती,” मी म्हटलं. त्याने आईची माफी मागावी, एवढं मी त्याच्यावर सोपवलं आणि पुढच्या वेळी काकूंना एकटीला बोलावलं.

काय टाकायचं, हे मी विचारतच नाही. त्या प्रश्नाने माणूस वस्तूला आणखी घट्ट धरतो. मी बंबाची चौकशी केली.

“शेवटचा कधी पेटवला?”

“सासूबाई होत्या तेव्हा.”

“आवडायचा तुम्हाला?”

“आवडायचा कसला! पहाटे उठून राख काढा, ढलप्या घाला. डोळे नुसते चुरचुरायचे. धूर झाला की शेजारीण बोलायची ती वेगळीच.”

“मग कोणासाठी ठेवलाय?”

काकू बराच वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. “त्या म्हणाल्या होत्या, माझ्यामागे मोडीत घालू नकोस.”

“आणि घातलात तर?”

“तर काय, म्हणतीलच. हिला घर सांभाळता येत नाही.”

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की काम बिघडतं, हे मला आता चांगलं कळतं. मग काकूच म्हणाल्या, “त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली हो,” आणि खळखळून हसल्या. ते हसू मी ओळखते. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली तो माणूस समोर नाहीच, हे पहिल्यांदा पटल्यावर येतं ते.

पुढच्या भेटीत त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली. काकांच्या हातचा हिशेब. दूध, इस्त्री, पास, आणि मध्येच ‘हिला गजरा’. अशी कितीतरी पानं. “गजऱ्याचे पैसे लिहून ठेवायचे, हे मला ठाऊकच नव्हतं.”

“कुठे होती ही?”

“कपाटात, साड्यांखाली. हिला कोणी टाक म्हटलंच नाही ना.”

इथे मला जे उमगलं ते मी नंतर घरोघरी पडताळून पाहिलं आहे. माळा अडवतं ते बहुधा कर्तव्य असतं: कोणाला दिलेला शब्द, कोणाची जरब. खरी माया असते ती वस्तू हातात मावणारी निघते आणि तिच्यावरून भांडण झालेलं नसतं. म्हणून एकेका वस्तूपुढे ‘कोणासाठी?’ एवढंच लिहायला सांगते. उत्तर ‘माझ्यासाठी’ आलं तर ती राहणार, विषय संपला.

मनोविश्लेषक फ्रॉइडने 1917 मध्ये मांडलं की शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी उलट बाजू पुढे आणली: नातं संपत नाही, रूप बदलून सोबत राहतं. मी या दुसऱ्या गटातली. वहीची कॉपी काढून मूळ वही टाका, असं मी कोणालाही सांगणार नाही.

बंब काकूंनी स्वतः मुलाला घेऊन जाऊन विकला. आठवण म्हणून तोटी ठेवायची का, असं मी विचारलं होतं. “कशाला?” म्हणाल्या. आलेल्या पैशांत मिक्सर घेतला.

मुलांसाठी सांगते. आवराआवरी औषधं, चार्जरच्या वायरी, झाकण हरवलेले डबे यांपासून सुरू करा. गेलेल्या माणसाचे कपडे आणि फोटो सगळ्यात शेवटी. पाठीमागे काही काढू नका, मग तो फुटका माठ का असेना; एकदा विश्वास गेला की आई रद्दीचे पेपरही मोजून ठेवते. आणि ‘गावी पाठवू’ हे उत्तर मान्य करू नका. कोकणातली निम्मी घरं मुंबईचे पोटमाळे झाली आहेत, आणि तिथला निर्णय पुढच्या मे महिन्यावर जातो.

मात्र पलंगावर झोपता येत नाही, शेगडीपर्यंत पोचता येत नाही, रिकाम्या पिशव्या काढायच्या म्हटलं तरी जीव घाबरा होतो, असं असेल तर ती माया नव्हे. साठवण्याचा हा वेगळा आजार आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिलं. तिथे माझा ‘कोणासाठी?’ पुरत नाही, मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवं. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.