अकोल्याचा माठ विरारला गार का करत नाही?

प्रश्न: मी मूळची अकोल्याची, लग्न होऊन विरारला आले. आमच्याकडे मे महिन्यात ४३-४४ म्हणजे काही विशेष नाही, दुपारी दारं-खिडक्या लावून कूलरपुढे पडलं की झालं. इथं फोनवर ३४ दाखवतं आणि तरी सकाळी आठला पोळ्या लाटताना जीव नकोसा होतो, सगळं अंग चिकचिक. सासरचे म्हणतात तू तर विदर्भातली, तुला कसलं एवढं गरम होतंय. आणि अजून एक, माहेरून आणलेला माठ इथं पाणी धड गारच करत नाही, खराब झाला असेल का?

उत्तर: ताई, माठ अगदी चांगला आहे आणि तुमचा त्रासही शंभर टक्के खरा आहे. तुम्ही एका पत्रात दोन प्रश्न विचारलेत असं तुम्हाला वाटतंय पण तो एकच प्रश्न आहे, कारण आपलं शरीर म्हणजे एक माठच आहे.

माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, ते हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. आपला घाम पण हेच करतो. एक लिटर घाम वाळला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते, पण तो वाळला तरच बरं का, नुसता टपटप खाली पडला तर काहीच उपयोग नाही. आता हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम वाळणार कुठे?

माठ जास्तीत जास्त किती गार करू शकतो याला एक मर्यादा असते आणि ती मोजता येते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा, पारा जिथे येऊन थांबतो तो आकडा, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. अकोल्याला दुपारी ४३ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के धरली तर हा आकडा येतो साधारण २५. विरारला ३४ डिग्री आणि आर्द्रता ६५ टक्के धरली तर येतो २८ च्या वर. म्हणजे बघा, बाहेर अकोला ९ डिग्रीने जास्त तापलंय पण माठातलं पाणी तिथलंच जास्त गार. तिकडे माठाला १८ डिग्री खाली उतरायला वाव आहे आणि इकडे जेमतेम पाच-सहा. तुमच्या अंगाचं पण तेच होतंय, घामाचं काम तिकडे होत होतं, इकडे अर्धवट राहतं.

आणि हा वेट बल्बचा आकडा फार महत्त्वाचा आहे. तो ३५ झाला तर धडधाकट माणूस सावलीत पंख्याखाली नुसता बसला तरी काही तासांत जीव जाऊ शकतो असं शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं होतं, पुढे अमेरिकेत तरुण निरोगी मुलांवर प्रयोग केले तेव्हा दमट हवेत ३१ च्या आसपासच शरीराला स्वतःचं तापमान सांभाळणं जमेनासं झालं. २८ आणि ३१ मध्ये अंतर ते किती! म्हणून ‘३४ च तर आहे’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही.

हवामान खातं सुद्धा सगळीकडे एकच फूटपट्टी लावत नाही. उष्णतेची लाट म्हणायला सपाट प्रदेशात पारा निदान ४० लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरतो, डोंगराळ भागात तर ३० (आणि शिवाय तो नेहमीपेक्षा साडेचार डिग्री वर हवा). १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात मोकळ्या मैदानात कार्यक्रम झाला, पारा ३८ च्या आसपास होता, अकोलेकर याला बरं ऊन म्हणतील, पण तिथे उष्माघाताने १४ लोक गेले. ते आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

घरात अजून दोन गोष्टी बघा. मिठाच्या बरणीला पाणी सुटलंय का, सुटलं तर आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेलीय असं समजा. आणि वाळवण. आईकडे कुरडया दिवसभराच्या उन्हात कडकडीत वाळतात, तशा विरारला गॅलरीत टाका, दुसऱ्या दिवशीही मधे ओल्याच लागतील. सासरच्यांना एवढं दाखवलंत तरी पुरे. पोळ्या जमलं तर सहा-साडेसहाला उरका आणि ओट्यापाशी एक पंखा लावून घ्या, तो अंगाजवळची दमट हवा हटवतो त्यामुळे घाम थोडा तरी वाळतो.

प्रश्न: नागपूरहून बदली होऊन ठाण्याला आलो, येताना कूलर घेऊन आलो. लावला तर खोली अजूनच गदमदते. गवत बदलून पाहिलं, नवीन पंप टाकला, फरक नाही.

उत्तर: दादा, पंपावर अजून खर्च करू नका. कूलर म्हणजे मोठा माठच, वरचाच हिशेब त्याला लागू होतो. नागपूरला तो कोरडी हवा ओली करून गार करतो, ठाण्यात ओली हवा अजून ओली करतो. पाणी न भरता नुसता पंखा म्हणून वापरा, खिडकीत ठेवून समोरचं दार उघडं टाका म्हणजे हवा फिरेल. जमत असेल तर एसी घ्या, तो हवेतलं पाणी काढून टाकतो, मागच्या नळीतून थेंब थेंब पडतं ते तेच पाणी.

प्रश्न: मुंबईत सगळ्यात जास्त पारा मेमध्ये न जाता मार्च-एप्रिलमध्ये का जातो?

उत्तर: वाऱ्यामुळे. त्या दिवसांत कधी कधी पूर्वेकडून जमिनीवरचा तापलेला कोरडा वारा येत राहतो आणि समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुटतो, तोवर पारा चढलेला असतो. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ झाले होते ते असेच. मेमध्ये समुद्राचा वारा जोरात असतो, पारा ३३-३४ ला अडतो पण ओलावा वाढतो.

प्रश्न: आम्ही रत्नागिरीचे. मेच्या शेवटी नागपूरला पुतणीचं लग्न आहे आणि बाबा ७२ वर्षांचे आहेत. ते म्हणतात मला घामाची सवय आहे, काही होत नाही. नेऊ का?

उत्तर: न्या, पण घामाच्या सवयीवर विसंबू नका. कोकणात घाम दिसतो म्हणून माणूस पाणी पितो, नागपूरला घाम येतो आणि लगेच उडून जातो, कपडे कोरडेच राहतात आणि अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. त्यात हवा अंगापेक्षा तापलेली, वारा सुटला की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं होतं. २३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ होते, आणि तुम्ही ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत जाताय. तिकडची माणसं डोकं-कान दुपट्ट्याने बांधून निघतात ती उगाच नाही, बाबांनाही तसंच बांधा, वारा लागावा म्हणून डोकं मोकळं ठेवायची कोकणातली सवय तिथे चालणार नाही.

तहान लागो न लागो, तासातासाला पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा), हे बरोबर ठेवा, पन्हं आणि ताक तिथे मिळेलच. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. वरात दुपारची असेल तर बाबा हॉलमध्येच बसू देत, कोणी रागावणार नाही.

आणि ते असंबद्ध बोलायला लागले, अंग चटका लागेल इतकं तापलं, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर ओलं फडकं टाका आणि वारा घाला. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय फार लवकर लागू पडतो, हेच रत्नागिरीला झालं असतं तर काखेत आणि मानेला बर्फ पण लावा म्हटलं असतं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, गाडी येईपर्यंत फडकं मात्र वाळू देऊ नका.