सांगलीहून इंदूरला भरलेली गाडी : पुण्यावरून की टेंभुर्णीवरून?

दादा, तुम्ही विचारलंय की जुनी बारा चाकी घेतली आहे, सांगली मार्केट यार्डातून हळद-बेदाणा भरून इंदूरला जायचंय, ड्रायव्हर नवा आहे, मोबाइलचा नकाशा पुणे-नाशिकवरून पाठवतो, तर घाट कमी लागेल असा रस्ता कोणता. नकाशा बाजूला ठेवा. मिरज, कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, पंढरपूर, टेंभुर्णी, करमाळा, नगर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव, धुळे असं जा. पुण्याला माल टाकायचा असता तर टेंभुर्णीवरून शंभरेक किलोमीटर जास्त पडले असते आणि मी हा रस्ता सांगितला नसता. पण इंदूरसाठी दोन्हीकडून अंतर जवळपास सारखंच पडतं.

हा रस्ता सोपा का, तर सह्याद्रीपासून तो लांब राहतो. सांगली सुमारे 550 मीटर उंचीवर, पंढरपूर साधारण 450, नगर साधारण 650. चढ आहेच, पण तो शेकडो किलोमीटरवर पसरलेला. कृष्णेचं खोरं सोडून माणगंगा-भीमेच्या खोऱ्यात शिरताना नागजजवळ जरा चढ लागतो, तोही चौपदरी रस्त्यावर. पुण्याकडे जाताना मात्र डोंगराच्या सोंडा आडव्या येतात. खंबाटकी, मग कात्रज. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर म्हणायचे, रस्ता ओळखायचा तर आगगाडी कुठून गेली ते बघावं. मिरज-पुणे रेल्वे खंबाटकीच्या वाटेला गेलीच नाही. वाठार, आदर्की, सालपे, लोणंद, नीरा, जेजुरी असा वळसा घेऊन गेली. रुळावर चढ झेपत नाही म्हणून तिला तो वळसा घ्यावा लागला. आता तुम्ही म्हणाल, मग आपणही लोणंद-जेजुरीवरून जाऊ. नको. सडक सासवडनंतर दिवेघाटातून उतरते, आणि तो खंबाटकीपेक्षा बरा आहे असं मी तरी म्हणणार नाही.

नव्या मालकाचं लक्ष चढाकडे असतं, कारण चढात डिझेल जातं आणि ते खिशाला कळतं. वीसात एक असा चढ, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, 35 टनाच्या गाडीला पावणेदोन टनांनी मागे ओढतो. सपाटीवर सावकाश चालताना लागते त्याच्या पाच-सहापट ओढ इंजिनाला जास्त लागते. पण चढात वाईटात वाईट काय होईल? पाणी उकळेल, गाडी बाजूला घ्याल, एक तास जाईल. उताराचं तसं नाही. तीच 35 टनाची गाडी 500 मीटर खाली आली की जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती पावणेपाच लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी असते. इंजिनाने रोखून धरलं तर त्यातली बरीच इंजिनात जिरते. न्यूट्रल मारलंत तर बहुतेक सगळी ब्रेकच्या ड्रमात आणि त्यावर घासणाऱ्या लायनरमध्ये जाते.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना इतके अपघात का होतात, त्याचं एक मोठं कारण हेच. उतार दिसायला साधा, रस्ता रुंद, ड्रायव्हरला वाटतं न्यूट्रल मारून चार पैसे वाचवू. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चार वेळा ब्रेक दाबला की हवेच्या टाकीतलं प्रेशर खाली. खंबाटकीतही साताऱ्याकडून जाताना त्रास बोगद्याचा नाही, त्यापुढच्या उतारावरच्या एस वळणाचा. नवे बोगदे पूर्ण वापरात आले की ते दुखणं कमी होईल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळल्यामुळे सांगतोय. तरुणपणी साखरेची पोती घेऊन कुंभार्ली घाट उतरत होतो, कराडहून चिपळूणला. मागच्या एसटीला वाट द्यायची म्हणून गिअर वाढवला आणि पुढे सगळा घाट ब्रेकवर काढला. पायथ्याच्या पोफळीच्या अलीकडे क्लीनरला लायनर जळाल्याचा वास आला. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असेल. पुढच्या वळणाला ब्रेकवरचा पाय खोल गेला. डोंगराच्या बाजूला मातीचा ढीग होता म्हणून आज हे लिहितोय. ड्रमावर पाणी ओतायला निघालो तेव्हा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने हात धरला. तापल्या ड्रमावर पाणी पडलं की तडा जातो. दोन तास तसेच बसून राहिलो.

तेव्हापासूनचा नियम : घाटाच्या माथ्यावर थांबायचं, प्रेशर बघायचं, गिअर तिथेच पाडायचा. उतारावर गाडीने वेग घेतला की मग खालचा गिअर पडत नाही आणि न्यूट्रलमध्ये अडकायला होतं. 'ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरा' ही म्हण जुन्या, कमी ताकदीच्या गाड्यांची. आताची इंजिनं वरच्या गिअरात चढतात, तेव्हा त्याहून एक गिअर खालीच उतरा. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक, चालू ठेवा. जुनी गाडी घेतलीत म्हणता, तर तो चालतो का ते आधी बघा. अनेकांनी वायर काढून ठेवलेली असते.

आता तुमच्या रस्त्यातले काटे. टेंभुर्णी ते नगर उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या असतात, रात्री मागे दिवा नसतो. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरकडे फिरकूच नका. नगर-कोपरगाव पट्ट्यात खड्डे किती आहेत ते निघण्याआधी एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. मनमाडवरून मालेगावला गेलात की चांदवडच्या पुढचा राहूड घाटही चुकतो.

धुळ्याच्या पुढे मात्र पर्याय नाही. शिरपूर सोडलं की सेंधव्याआधी बिजासन घाट, मग नर्मदेपर्यंत उतरायचं आणि मानपूरकडे माळव्याच्या पठारावर पुन्हा चढायचं. जाताना बिजासन बहुतेक चढ आहे, म्हणजे वेळ जाईल, बाकी काही नाही. खरी भीती परतीच्या भाड्याची. इंदूरहून भरून आलात तर आधी मानपूरचा आणि मग बिजासनचा, दोन्ही उतार भरल्या गाडीने उतरायचे. नव्या ड्रायव्हरला पहिल्या खेपेला परतीचं भाडं हलकंच घ्या, नाहीतर शेजारी एखादा जुना माणूस बसवा. आणि दोन्ही उतार दिवसा.

कोकणात चिपळूण-लोट्याचं भाडं मिळालं तर काय, असंही शेवटी विचारलंय. तिथे घाट टाळता येत नाही, सांगलीची उंची कुठेतरी उतरावीच लागते. पहिले सहा महिने ते भाडं सोडा. नकाशाने अणुस्कुरा किंवा वरंध घाट दाखवला तरी भरलेल्या बारा चाकीने त्या वळणांत शिरायचं नाही.

लायनर कधी बदललेत ते लिहिलं नाहीत. ते सांगा, मग निघायची तारीख ठरवू.