सर्वांत खात्रीचे गर्भनिरोधक माहीत असूनही स्त्रिया दुसरेच का निवडतात?

गर्भनिरोधनाची इतकी साधने असताना स्त्री नेमके काय पाहून निवड करते आणि खात्रीचे साधन माहीत असूनही अनेकजणी ते का टाळतात किंवा मध्येच का सोडतात, असे तुम्ही विचारले आहे. कुटुंबनियोजनाच्या समुपदेशनाचे काम करताना माझे असे मत झाले आहे की साधनाची खात्री डॉक्टरांच्या लेखी जितकी मोठी असते, तितकी ती वापरणाऱ्या स्त्रीच्या लेखी नसते. पाळीचे काय होईल, घरात कोणाला कळेल आणि नकोसे झाले तर ते आपल्याला थांबवता येईल का, हे प्रश्न तिच्या मनात आधी येतात.

खात्रीचे आकडे तसे स्पष्ट आहेत. नेहमीच्या वापरात पहिल्या वर्षी 100 पैकी सुमारे 13 जणींना कंडोम वापरूनही आणि सुमारे 7 जणींना गोळ्या घेऊनही गर्भ राहतो. तांबीच्या बाबतीत हे प्रमाण 1 पेक्षाही कमी आहे. गोळी एकही दिवस न चुकता घेतली, तर तीही जवळजवळ तेवढीच खात्रीची ठरते. म्हणजे फरक औषधात कमी आणि दिनक्रमात जास्त असतो. जिच्या कामाच्या पाळ्या बदलतात, जिला गोळ्यांचे पाकीट लपवून ठेवावे लागते, तिच्याकडून गोळी चुकणारच, आणि त्याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

साधन सोडून देण्याचे एक मोठे कारण मात्र रक्तस्रावातले बदल हे असते. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जाऊ शकते, पोटात कळा येऊ शकतात. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनाने आधी अवेळी डाग दिसतात आणि वर्षभराने सुमारे निम्म्या जणींची पाळी येणेच थांबते. यावर ‘मग ते रक्त आत साठत असेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. साठत नाही, इंजेक्शनातल्या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते, त्यामुळे बाहेर पडण्यासारखे फारसे काही तयारच होत नाही. हे एक वाक्य आधी सांगितले गेले, तर पुढचे इंजेक्शन घ्यायला येणाऱ्यांची संख्या वाढते. न सांगता पाळी थांबली, तर तिला आपण गरोदर आहोत किंवा आजारी आहोत असे वाटते. उलट जिला मुळातच पाळीचा फार त्रास आहे, तिला संप्रेरकयुक्त तांबीमुळे (तांब्याऐवजी संप्रेरक सोडणाऱ्या साधनामुळे) कमी होणारा रक्तस्राव हाच मोठा फायदा वाटतो.

गुप्ततेचा प्रश्न तितकाच खरा आहे. झांबियातील लुसाका शहरात झालेल्या एका प्रयोगात काही स्त्रियांना गर्भनिरोधकांचे व्हाउचर एकटीला दिले गेले आणि काहींना नवऱ्यासमोर; एकटीला व्हाउचर मिळालेल्या स्त्रियांनी सेवेचा लाभ अधिक घेतला आणि सहज लपवता येणारी साधने अधिक निवडली. नवऱ्याला सोबत घेऊन समजावणे चांगलेच, पण प्रत्येक घरात ते स्त्रीच्या हिताचे ठरतेच असे नाही. पुरुष नसबंदी स्त्री नसबंदीपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची असूनही जगभर शस्त्रक्रिया मुख्यतः स्त्रीच करून घेते, हेही याच संदर्भात पाहावे लागेल.

भीतीचे गणितही विचित्र असते. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात वर्षाला एक लाखांमागे सुमारे 15 ऐवजी सुमारे 25 ते 30 असा तो धोका होता, आणि गरोदरपणात तो याहून जास्त असतो. तरीही अनेकींनी गोळ्या एकदम बंद केल्या आणि पुढच्या काही महिन्यांत गर्भपातांची संख्या वाढली. अर्थात काही भीती रास्तच असतात: डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसून अर्धशिशी उठणाऱ्या किंवा पस्तिशीनंतर भरपूर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेली गोळी घेऊ नये.

राहिला थांबवण्याचा प्रश्न. गोळी स्वतःची स्वतः बंद करता येते. तांबी किंवा दंडाच्या कातडीखालचे इम्प्लांट काढायला प्रशिक्षित माणूस लागतो. इंजेक्शन बंद केल्यावर गर्भधारणेला कित्येक महिने उशीर होऊ शकतो, मात्र कायमचे वंध्यत्व येत नाही. बसवताना तत्परता दाखवणारी केंद्रे काढायची वेळ आली की ‘अजून थोडे दिवस थांबा’ म्हणतात, हा अनुभव मैत्रिणीमैत्रिणींत वेगाने पसरतो आणि त्यानंतर कितीही आकडे दाखवले तरी त्या साधनाकडे कोणी वळत नाही. म्हणून साधन निवडणाऱ्या स्त्रीला मी सांगते की ते कोण काढून देईल आणि कारण न विचारता काढून देईल का, हे बसवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.