साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला दिवसाला ३,००० लोकांचीच मर्यादा कशाला? एवढं मोठं रान, चार माणसं जास्त आली तर काय बिघडतं?

मी साताऱ्याचा. "एवढं मोठं रान" हे शब्द मी आधीही ऐकलेत, आमच्या साडूंच्या तोंडून.

२०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं आणि त्याच सप्टेंबरात एका रविवारी साडू पुण्याहून सहकुटुंब हजर. पठाराच्या अलीकडेच गाड्यांची रांग, दोन तास तिथेच. वर पोचल्यावर साडूंनी डिकीतून सतरंजी काढली आणि थेट सीतेच्या आसवांच्या फुलांवर अंथरली. जांभळा पट्टा होता नुसता. मी म्हटलं, "दादा, खडकावर बसू." तर म्हणे, "अरे, गवत आहे ते!" डबे उघडले, कांदा चिरला, पोरं तेरड्यात लोळली, फोटो झाले. उठलो तेव्हा खाली सतरंजीच्या मापाचा चिखल. आसपास तसेच पंधरा-वीस चौकोन.

कास म्हणजे सडा, उघड्या कातळाचं पठार. खाली जांभा, वर चार बोटं माती, कुठे तीही नाही. मातीत कस नाही म्हणून तर दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपं किडे खाऊन जगतात. फुलातच तुडवलेलं रोप बी धरत नाही, मग पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय?

म्हणून मर्यादा हवीच. पण नुसत्या आकड्यानं भागत नाही. ३,००० माणसं पायवाटेनं गेली तर चालतील, साडूंसारखी तीस पुरेत वाट लावायला. कुंपणही घालून पाहिलं. गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं घटली अशी ओरड झाली, शेवटी काढलं.

बुकिंग ऑनलाइन करा. नाही मिळालं तर "ओळखीनं सोडा" म्हणून सातारकरांना फोन करू नका. साडूंचा दरवर्षी येतो. आता त्यांचं नवीन: पैसे भरलेत, मग फुलांत बसून फोटो का नाही? अहो, पैसे बघायचे घेतात, लोळायचे नाही.

हां, साताऱ्यातून मंगळवारी सकाळी तासाभरात वर पोचणाऱ्यानं हे बोलणं सोपं आहे. मुंबईच्या नोकरदाराला रविवारच मिळतो. आणि तिथल्या गावांतल्या पोरांची कमाईही याच थोड्या आठवड्यांची, त्यामुळे आकडा आणखी खाली आणा असं मी म्हणणार नाही.

जमलं तर मधल्या वारी या. साडूंनाही हेच सुचवलं होतं. म्हणाले, "मधल्या वारी कुणीच नसतं रे, मजा येत नाही."