पोर्तुगालहून येताना: चीज, वाइन आणि तेवीस किलो

गेल्या अंकात लेकीकडे लिस्बनला राहून आल्याचं लिहिलं आणि या महिन्याच्या टपालात पोर्तुगालच पोर्तुगाल आलं. उत्तरं देण्याची माझी लायकी एवढीच, की सगळी नोकरी सहारच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यांशेजारी झाली. आता निवृत्तीनंतर लेकीच्या अरोयूशमधल्या घरी जातो, तेव्हा सामान भरायचं काम आपसूक माझ्याकडे येतं.

काका, सप्टेंबरमध्ये पोर्तुगाल फिरून आलो. तिथलं ते चमच्यानं खायचं मेंढीच्या दुधाचं चीज डोक्यातून जात नाही. पुढच्या वेळी बॅग भरून आणलं तर अमेरिकेत अडवतील का? – एडिसन, न्यू जर्सी

बॅग भरण्याआधी एक काम करा. एडिसन स्टेशनवरून लोकल पकडा आणि नुअर्क पेन स्टेशनला उतरा. स्टेशनच्या मागच्या बाजूनं बाहेर पडलात की आयर्नबाउंड सुरू होतं आणि त्याच्या मधोमध फेरी स्ट्रीट. तिथं पिढ्यान्‌पिढ्यांची पोर्तुगीज वस्ती आहे. बेकऱ्या आहेत, खारवलेल्या कॉडचे फळ्यांसारखे तुकडे रचून ठेवलेली किराणा दुकानं आहेत आणि चीजचे काउंटरही. माणसं लिस्बनचं तिकीट काढतात, पण आपल्याच लोकलवरच्या स्टेशनला उतरत नाहीत. मॅसॅच्युसेट्सकडे जाणं होत असेल तर फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड ही गावंही लक्षात ठेवा. तिथं पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेली माणसं जास्त, म्हणून बेटांवरचं चीज चांगलं मिळतं.

तुम्ही खाल्लंत ते बहुधा सेर्रा दा इश्त्रेला, नाहीतर त्याचं धाकटं भावंड अझैतांव. दोन्ही कच्च्या, न तापवलेल्या दुधाची. कच्च्या दुधाचं चीज किमान 60 दिवस मुरलेलं असल्याशिवाय अमेरिकेत विकता येत नाही. सेर्राची खरी लोण्यासारखी अवस्था त्याच्या आधीच येते. म्हणजे फेरी स्ट्रीटवर मिळेल ते एकतर जास्त मुरलेलं असेल, नाहीतर तापवलेल्या दुधाचं. वाईट नसतं, पण डोक्यातून जात नाही म्हणता ते हे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रवाशानं स्वतःपुरतं चीज आणायला मात्र अमेरिकेत वाव आहे. घट्ट आणि मध्यम मऊ चीज चालतं, त्यात मांस नसावं. रिकोटासारखं किंवा ओतता येईल इतकं पातळ असेल तर कटकट होऊ शकते. जनावरांच्या तोंडखुरीची साथ कुठे आहे त्यावर हे नियम फिरतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात एकदा बघून घ्या. चीजचं गोल चाक अख्खं, न कापलेलं आणि लेबलासकट आणा, आणि जाहीर करा. जाहीर केलेलं चीज फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर दंड.

एक बारकी गोष्ट. मऊ चीज केबिनमध्ये नेऊ नका. सुरक्षा तपासणीच्या लेखी ते पातळ पदार्थांत मोडतं आणि शंभर मिलीची अट लागते. अर्ध्या किलोचं सेर्रा ट्रेमध्ये ठेवून तुम्ही कितीही समजावलंत तरी ते कचऱ्याच्या डब्यात जाईल. ते चेक-इन बॅगेत टाका. घट्ट असेल ते खुशाल हातात घ्या.

सून लिस्बनला असते, दिवाळीला येणार आहे. चीज आणू का विचारते. मी शुद्ध शाकाहारी. चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात असं ऐकलंय. – सदाशिव पेठ, पुणे

आजी, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण पोर्तुगालच्या बाबतीत अर्धंच. आमची हीसुद्धा कट्टर शाकाहारी. लिस्बनला गेलो की पहिले काही दिवस काउंटरवर उभं राहून लेबलं वाचण्यात जातात.

बऱ्याच पारंपरिक युरोपीय चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनं जमवतात. पण पोर्तुगालमध्ये मेंढीच्या दुधाची एक अख्खी परंपरा काटेरी रानफुलावर चालते. आर्टिचोकच्या जातीचं हे झाड, जांभळ्या फुलांचं. फुलातले तंतू वाळवून ठेवायचे, मिठाबरोबर कुटायचे, पाण्यात भिजवायचे, फडक्यातून गाळायचे आणि ते पाणी दुधात घालायचं. सेर्रा दा इश्त्रेलाला जे संरक्षित नाव आहे ना, ते लावायचं तर याच फुलानं दूध जमवावं लागतं. लेबलावर तीनच गोष्टी असतात: मेंढीचं कच्चं दूध, मीठ आणि ‘कार्दु’, म्हणजे तेच फूल. अझैतांव, सेर्पा, एव्होरा, नीझा ही चीजंही याच घराण्यातली. जिभेवर शेवटी किंचित कडवटपणा येतो तो फुलाचाच.

सांव जॉर्ज मात्र तुमच्यासाठी नाही. अझोर्समधल्या त्याच नावाच्या बेटावरचं, गाईच्या दुधाचं मोठं पिवळं चाक. चवीला उत्तम, पण त्यात प्राण्याचं रेनेट असतं. कोइंब्राकडच्या राबासालचंही तेच. सुनेला एवढंच सांगा, की लेबलावर ‘कार्दु’ किंवा ‘कोआल्यु व्हेजेताल’ लिहिलेलं असेल तरच घे. नुसतं ‘कोआल्यु’ असेल तर विचार, आणि ‘आनिमाल’ असेल तर ठेवून दे.

आता दिवाळीचं. मेंढ्या दूध देतात ते मुख्यतः थंडीत आणि वसंतात. सेर्राला निदान महिनाभर मुरावं लागतं. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवं लोण्यासारखं सेर्रा मिळणं कठीण. त्या दिवसांत ‘व्हेल्यु’ मागावं. हे किमान चार महिने मुरलेलं, घट्ट, बाहेरून ऑलिव्ह तेल आणि लाल मिरचीची पूड चोळलेलं असतं. प्रवासालाही तेच बरं. लिस्बनला रोसियू चौकाजवळ मांतैगारिया सिल्व्हा म्हणून 1890 पासूनचं दुकान आहे. तिथं किंवा कुठल्याही बऱ्या काउंटरवर ‘आ व्हाकुओ’ म्हटलं की हवा काढून पिशवी बंद करून देतात. अशी पिशवी मुंबईपर्यंत सहज टिकते. लिस्बन-मुंबई थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी ताटकळावं लागतंच, म्हणून हवाबंद पिशवीचा आग्रह धरा. नाहीतर दिवाळीच्या साड्यांना महिनाभर मेंढ्यांचा वास येईल.

भारतात उतरल्यावर सीमाशुल्काच्या अर्जात दुग्धजन्य पदार्थांचा उल्लेख स्पष्ट आहे. तिथं खूण करायची आणि लाल मार्गानं जायचं. पुढचं अधिकाऱ्याच्या हातात. एखादं छोटं चाक आणि सोबत पावती, इतपतच ठेवा. नातेवाइकांसाठी डझनभर आणायला सांगू नका.

खायच्या आधी दोन तास फ्रीजबाहेर काढा. पुढे-मागे मऊ सेर्रा हाती आलं तर वरचा पापुद्रा झाकणासारखा कापून चमच्यानं काढायचं, आणि उरलं तर झाकण परत ठेवायचं. तिथं ते पाव आणि क्विन्स फळाच्या घट्ट मुरांब्याबरोबर खातात. आमच्याकडे गरम ज्वारीच्या भाकरीवर लावून झालंय. हिनं त्यावर लसणाची चटणीही भुरभुरली. लेकीला ते पाहवलं नाही, मला आवडलं.

नाशिकला राहतो, इथली वाइन नेहमीची. पोर्तोला चाललोय. बायको आणि मी मिळून किती बाटल्या आणू शकतो आणि कोणत्या? – नाशिक

माणशी दोन लिटर विनाशुल्क. म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि 500 मिलीची एक. हिशेब बरोब्बर दोनवर बसतो. दोघांचे वेगवेगळे दोन-दोन लिटर, एकाचा कोटा दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. मुंबईत उतरल्यावर ड्यूटी फ्रीमधून घेतलेली व्हिस्कीही याच दोन लिटरमध्ये धरतात. बरेच जण तिथंच फसतात आणि वरच्या बाटलीवर जबर शुल्क भरतात.

कोणत्या आणायच्या याबाबत माझं मत पक्कं आहे. तिथं पिण्याची वाइन तिथं प्या आणि प्रवास सोसणारी आणा. व्हिन्यु व्हेर्द कोवळी, हलकी, स्वस्त. भाजलेल्या सार्डीन मासळीबरोबर दुपारी प्यायला तिच्यासारखी नाही, पण तिची बाटली नाशिकपर्यंत वाहून आणण्यात काय मतलब? पोर्ट म्हणजे पोर्तोकडची गोड, कडक वाइन. त्यातली व्हिंटेज पोर्टही सोडा. ती वर्षानुवर्षं थंड तळघरात आडवी ठेवायची वस्तू, तळाशी गाळ बसतो, आणि एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तळघर नसेल तर त्या पैशांची माती.

टॉनी पोर्ट आणा. दहा किंवा वीस वर्षांची. ती लाकडी पिंपात मुरून, हवा लागून तयार झालेली असते, म्हणून बाटलीत शिरेपर्यंत तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. उघडून फ्रीजमध्ये ठेवली तर काही आठवडे मजेत राहते. रोज रात्री जेवणानंतर एक छोटा ग्लास घेणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं पेय नाही. पोर्तोत असाल तर नदीपलीकडे विला नोव्हा द गायामध्ये जा. सगळी जुनी कोठारं तिकडेच आहेत, चाखून घेता येतं. दोरू नदीच्या खोऱ्याची हद्द 1756 मध्ये आखली गेली आणि आजही पोर्टची द्राक्षं तिथलीच लागतात.

आणि ती 500 मिलीची तिसरी बाटली मदैराची असू द्या. माझी सगळ्यात लाडकी ही. अटलांटिकमधल्या मदैरा बेटावरून पिंपं जहाजांत भरायची, तेव्हा उष्ण कटिबंधाच्या उकाड्यात हेलकावे खात ती भारतापर्यंत येऊन परत जायची, आणि परतलेली वाइन निघालेलीपेक्षा चांगली लागते हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं. पुढे जहाजाऐवजी बेटावरच वाइन मुद्दाम तापवू लागले. साधी मदैरा आजही 45 ते 50 अंशांत निदान तीन महिने ठेवतात, उंची असेल ती माळ्यावरच्या पिंपांत वर्षानुवर्षं. अशा वाइनला नाशिकचा मे महिना काय करणार? उघडल्यावर महिनोन्‌महिने टिकते. कोरडी हवी तर सर्सियाल, गोड हवी तर माल्व्हाझिया.

मी स्लाउला असते. लिस्बनहून येताना चीज आणता येतं का? – स्लाउ, इंग्लंड

नाही. युरोपात पसरलेल्या तोंडखुरीमुळे 12 एप्रिल 2025 पासून ब्रिटननं युरोपीय संघातून स्वतःपुरतं दूध, चीज, मांस आणण्यावर बंदी घातली. निघण्याआधी सरकारी पान बघा, उठली असेल तर उत्तम. तोवर दक्षिण लंडनमध्ये स्टॉकवेलजवळ साउथ लँबेथ रोडवर जा, तिथं पोर्तुगीज दुकानांची रांग आहे. वाइनचं दुःख नाही. साधी वाइन 18 लिटरपर्यंत चालते.

बाटली विमानाच्या पोटात फुटत नाही का? हवेच्या दाबानं बूच उडतं म्हणतात. – रत्नागिरी

दाबानं काही होत नाही. प्रवासी बसतात तेवढाच दाब खालच्या सामानाच्या भागातही असतो. बाटली फुटते ती माणसाच्या हातून. बॅग ट्रॉलीवरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून विमानात जाताना कोणी फुलासारखी उचलत नाही, हे मी तिथं उभं राहून पाहिलंय. ‘फ्रॅजाइल’चं स्टिकर लावलेली बॅगही त्याच ढिगात जाते. मोठ्या, जड बॅगा लवकर खाली आपटतात, म्हणून बाटल्या मध्यम बॅगेत.

बाटलीच्या मानेला आधी मोजा चढवा, मग अख्खी जाड प्लास्टिक पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीनं बंद करा. फुटलीच तर निदान वाइन बाहेर येत नाही. मग जीन्सच्या पायात गुंडाळा. बॅगेच्या बरोब्बर मध्ये, चहूबाजूंनी कपडे, चाकांपासून आणि कडांपासून लांब. दोन बाटल्यांची काच एकमेकींना लागता कामा नये. बहुतेक फुटतात त्या अशाच. भरलेली एक बाटली साधारण सव्वा ते दीड किलो भरते, बॅगेच्या तेवीस किलोच्या मर्यादेतून ते आधी वजा करा आणि मग बाकीची खरेदी. 24 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांना विमान सुरक्षेच्या नियमांत मर्यादा नाही आणि पोर्ट 19 ते 22 टक्क्यांत असते. अडवलंच तर सीमाशुल्कवालेच अडवतील.

मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी पोचेपर्यंत फोडू नका, पावती आत दिसू द्या.

आमच्याकडे दुकानात पोर्ट वाइन म्हणून स्वस्त बाटली मिळते. ती आणि तुमची ती पोर्टोची एकच का? – म्हापसा

नाही हो. तुमची गोव्यातली गोड लाल वाइन हा वेगळाच प्राणी, पोर्तुगीज गेले तरी नाव मागे राहिलं. खऱ्या पोर्टच्या बाटलीच्या मानेवर बुचावरून खाली उतरणारी कागदी हमीपट्टी असते, तिच्यावर क्रमांक असतो. ती पट्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

तुमच्या बाटलीला मी नावं ठेवत नाही. नाताळच्या केकची फळं भिजवायला ती झकास. वीस वर्षांची टॉनी केकात ओतायचा बेत असेल तर मात्र आधी कळवा, मी कोकणकन्या पकडून येतो आणि ती बाटली तुमच्यापासून वाचवतो.