उंची तीच, मग एका उतारावर झुडपं आणि दुसऱ्यावर काहीच नाही?

प्रश्न : आल्प्समधल्या त्या लालसर गुलाबी फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनचा एक फोटो बघितला. एका उतारावर गच्च झुडपं आणि शेजारच्याच उतारावर तेवढ्याच उंचीवर एकसुद्धा नाही. डोंगरात सगळं उंचीवरच ठरतं ना? आणि गरमी वाढली की ही झुडपं आपोआप वर सरकतील का?

उत्तर : उंचीचा आकडा आपल्या सोयीचा असतो हो, झाडाला त्याचं काही पडलेलं नाही. आधी खडक बघा. तुम्ही म्हणताय ते बहुतेक ऱ्होडोडेंड्रॉन फेरुजिनियम, पानाची मागची बाजू गंजाच्या रंगाची असते ते. त्याला अॅसिडिक माती लागते, ग्रॅनाइट वगैरेवरची. चुनखडीवर मातीचा पीएच चढतो, लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. तिथे मग त्याचाच भाऊबंद, ऱ्होडोडेंड्रॉन हिर्सुटम, पानांच्या कडांना केस असतात तो. दोन्ही खडक जिथे भिडतात तिथे दोघांचा संकरही सापडतो. आणि गंमत म्हणजे चुनखडीवरसुद्धा कुजलेल्या पानांचा जाड थर साचला असेल तर फेरुजिनियम त्या थरात मजेत वाढतं, खालच्या चुन्याशी मुळांचा फारसा संबंधच येत नाही, त्यामुळे नुसता खडकांचा नकाशा बघून अंदाज बांधलात तर फसाल.

खडक एकच असेल तर बर्फ बघायचा, आणि मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे. ह्या झुडपाची पानं हिवाळ्यात गळत नाहीत. वर बर्फाची जाड गोधडी असली की बाहेर उणे वीस असलं तरी आत शून्याच्या आसपासच राहतं. पण उंचवट्यावरचा बर्फ वारा उडवून नेतो, मग उन्हावाऱ्यात पानांतलं पाणी जात राहतं, जमीन गोठलेली म्हणून खालून नवीन येत नाही आणि फांद्या वाळतात. तिथे टिकतं काल्मिया प्रोकम्बेन्स, जमिनीला चिकटून पसरणारं. उलट खळग्यात बर्फ इतका उशिरा वितळतो की वाढायला हंगामच पुरत नाही, तिथे सॅलिक्स हर्बेशिया नावाचं बोटभर उंचीचं विलो. म्हणजे उंचवट्यापासून खळग्यापर्यंत जेमतेम काही मीटर आणि तेवढ्यात तीन वेगळी झाडं.

वर सरकण्याचं म्हणाल तर आल्प्सच्या बऱ्याच शिखरांवर जुन्या नोंदींपेक्षा आता जास्त जाती सापडतायत हे खरं आहे. पण आपोआप काही होत नाही, वर नुसते दगडधोंडे असतील तर मुळं रोवणार कशात, माती तयार व्हायला शतकं लागतात. शिवाय बर्फ लवकर वितळला की कोंब लवकर फुटतात आणि मग एखाद्या गारठलेल्या रात्री करपतात, म्हणजे उबदार वर्षात थंडीचाच फटका.

हो, एक राहिलंच, शेजारचा उतार कुरणाचा असेल तर ही झुडपं माणसांनीच काढून टाकलेली असू शकतात, कारण गुरांना ती विषारी. चराई थांबली की हळूहळू परत पसरतात.