हॉलिडे वर्ल्ड: आईबाबा आणि मुलांना घेऊन जाताना

इंडियानापोलिसहून सात आणि तेरा वर्षांची मुलं, शिवाय भारतातून आलेले आईबाबा, असे सगळे मिळून इंडियाना राज्यातल्याच सांताक्लॉज गावातल्या हॉलिडे वर्ल्ड या मनोरंजन पार्कला जायचं म्हणताय. एक दिवस पुरेल का आणि आईबाबा कंटाळतील का, हे तुमचे दोन प्रश्न. आम्ही बऱ्याच उन्हाळ्यांत तिथे गेलोय, म्हणून सविस्तर लिहिते.

आईबाबांचं आधी. ते कंटाळणार नाहीत, फक्त त्यांना मुलांच्या वेगाने पळवू नका. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा थंड पेयाच्या टपरीशी पर्स उघडून उभी राहिली. पैसे लागत नाहीत म्हटल्यावर तिने हळूच विचारलं, "आणि परत घेतलं तर?" परत घेतलं तरी लागत नाहीत. सन २००० पासून तिथे कोल्ड्रिंक दिवसभर फुकट आहे. सनस्क्रीन आणि पार्किंगही फुकट. ऐन उन्हाळ्यात आजीआजोबांना घेऊन फिरताना याचं मोल कळतं. दर तासाला पाणी, सरबत घेताना कुणी संकोचत नाही. मला हे पार्क आवडतं ते यासाठीच. घरच्यांनी चालवलेल्या जागेचा मोकळेपणा तिथे आहे.

आणि ते खरोखरच घरचं आहे. लुई कोच नावाचे नऊ मुलांचे वडील या गावात आले आणि नाव सांताक्लॉज असूनही इथे सांता भेटत नाही, याची त्यांना हळहळ वाटली. ३ ऑगस्ट १९४६ ला त्यांनी 'सांताक्लॉज लँड' उघडलं. १९८४ मध्ये हॅलोविन आणि चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, यांचे विभाग जोडून त्याचं नाव बदललं. पार्क अजून कोच कुटुंबाकडेच आहे. ख्रिसमसच्या विभागात भर उन्हात नाताळची गाणी ऐकत आईबाबांना सावलीत बसू द्या, धाकट्याला सांताला भेटवा.

वॉटर पार्क, म्हणजे स्प्लॅशिन सफारी, त्याच तिकिटात येतं. ते बाकीच्या पार्कपेक्षा उशिरा उघडतं आणि लवकर बंद होतं, त्यामुळे त्या दिवसाची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. उघडताच थेट मॅमथ किंवा वाइल्डबीस्ट या पाण्यातल्या राइडकडे चला, दुपारी तिथे लांबलचक रांग लागते. या साध्या घसरगुंड्या नाहीत. चुंबकाच्या जोराने तराफा चढावर ढकलला जातो, मग उतार, मग पुन्हा चढ. मॅमथचा तराफा गोल, सहा जणांचा. सगळे एकमेकांकडे तोंड करून बसतात, त्यामुळे समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते दिसतं. माझ्या मते अख्ख्या पार्कात कुटुंबासाठी यापेक्षा चांगली राइड नाही. पायात पाण्यातल्या चपला हव्यातच, काँक्रीट तापतं.

तेरा वर्षांच्या मुलीसाठी व्हॉयेज. लाकडी रुळांचं रोलरकोस्टर, ६,४४२ फूट लांब, झाडीत शिरून जमिनीच्या चढउतारांवरून धावणारं. रूळ तीन ठिकाणी पूर्ण ९० अंशांत आडवा होतो. किमान उंची ४८ इंच, तेव्हा धाकट्याची उंची घरीच मोजा, नाहीतर फाटकाशी रडारड होते. ही राइड संध्याकाळसाठी राखून ठेवा. अंधारून आल्यावर झाडांमधून जाताना पुढचं वळण दिसत नाही आणि खालचे रूळ थडथडत असतात. पाठदुखी असेल तर मात्र बसू नका. तिचे हादरे चांगलेच जाणवतात.

एका दिवसात धावपळ होईल, दोन दिवस ठेवा. दुसऱ्या सकाळी जवळच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन याच्या बालपणीचं राष्ट्रीय स्मारक बघा. १८१६ ते १८३० तो तिथे राहिला, आईची कबरही तिथेच आहे. माझ्या बाबांना सगळ्या सहलीत तेच सर्वांत लक्षात राहिलं. तुमच्या धाकट्यालाही सांगा, लिंकन तिथे आला तेव्हा सात वर्षांचाच होता.

अजून एक, घड्याळ. सांताक्लॉज गाव सेंट्रल वेळेत आहे, म्हणजे तुमच्याहून एक तास मागे. जाताना तो तास मिळतो, परतताना जातो. मुलं गाडीत झोपतील, तेव्हा जेवण निघण्याआधीच उरकून घ्या.